न खोकणारं गाढव

दादाचा फोन आला तेव्हा मी गाढवाची लीद गाळत होते. हे काम ऐकायला वाटतं तितकं घाणेरडं नाही. लिदीचा गोळा मऊ फडक्यात पुरचुंडीसारखा बांधायचा, नरसाळ्यात कोमट पाणी भरून त्यात तो टांगायचा आणि आपण आपल्या कामाला लागायचं. लिदीत जंताच्या अळ्या असतील तर त्या वळवळत फडक्यातून बाहेर पडतात आणि वर पोहता येत नसल्यामुळे तळाशी जाऊन बसतात. नरसाळ्याच्या बुडाला रबरी नळी लावलेली असते आणि नळीला चिमटा. चिमटा सैल करून तळाचं पाणी काचेवर घेतलं की सूक्ष्मदर्शकाखाली सगळं बिऱ्हाड दिसतं. माझी नरसाळी मात्र आता आमच्या पशुवैद्यक संस्थेच्या प्रयोगशाळेत नव्हती, घरच्या न्हाणीघरात खिळ्याला टांगलेली होती. आणि याला कारण दादाच होता.

गाढवांच्या फुफ्फुसात एक जंत राहतो. पांढरा, शिवणाच्या दोऱ्यासारखा बारीक. गाढवाला त्याचं काही वाटत नाही. जंत आत, गाढव बाहेर, दोघांचा संसार सुखाचा. तोच जंत घोड्याच्या फुफ्फुसात शिरला की घोडा खोकून खोकून बेजार होतो. गाढवाला जे जमतं ते घोड्याला का जमत नाही, हा माझा प्रश्न होता. लोकांना आयुष्यात घरं बांधायची असतात, परदेशी जायचं असतं. मला एवढंच शोधायचं होतं. त्यासाठी संस्थेच्या मागच्या गोठ्यात मी गाढवांचा एक कळप ठेवला होता आणि त्यातल्या एकालाही जंताचं औषध कधी देऊ दिलं नव्हतं.

दादा माझा थोरला भाऊ. घोड्यांचा डॉक्टर, स्वतःचा मोठा तबेला, आणि आमच्या संस्थेच्या सल्लागार समितीत मानाची खुर्ची. ज्या बैठकीत माझ्या विभागाचा विषय निघाला, तिथे मी तक्ते घेऊन उभी होते. पहिला तक्ता उघडायच्या आत दादा म्हणाला, "संस्थेत गाढवं आधीच पुरेशी आहेत, आणखी पाळायची गरज काय?" सगळे हसले. संचालक इतके हसले की त्यांचा चहा बशीत सांडला. आणि सांगायला लाज वाटते, मीसुद्धा हसले. ते हसू अजून माझ्या घशात अडकलेलं आहे.

विभाग बंद झाला. गोठा शिंगरांसाठी हवा होता. मी म्हटलं, शेवटचे नमुने तेवढे घेऊ द्या, मग करा काय करायचं ते. दादा म्हणाला, "अगं, गाढवं कुठे पळून जातायत?" दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेले तर गोठा धुतलेला, फिनेलचा वास सुटलेला आणि दावी खुंटीला गुंडाळून ठेवलेली. ट्रक पहाटेच येऊन गेला होता. माझी गाढवं कुणी नेली हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, कारण उत्तर काय असणार ते मला माहीत होतं.

एकच वाचलं, कारण ते आदल्या दिवसापासून खूर तासायला नालबंदाकडे गेलेलं होतं. त्याचं नाव आम्ही प्राचार्य ठेवलं होतं. लांबट गंभीर चेहरा, आणि कुणी काम करत असलं की मागे येऊन उभं राहायची सवय. त्याला मी दोरीला धरून भर रस्त्यातून चालत घरी आणलं आणि मागच्या अंगणात बांधलं. औषध त्यालाही दिलं नाही. माझ्या सगळ्या कळपाचे म्हणून जे काही जंत उरले होते, ते त्याच्याच छातीत होते.

लोक म्हणाले, भाऊ आहे, सोडून दे. माझा राग नाकावर असतो असं आमच्याकडे सगळे म्हणतात. हा राग नाकावरून खाली उतरला आणि आत मुक्काम ठोकून बसला. मला दादाकडून पैसा नको होता, नोकरी नको होती. त्याने एकदा माझ्या दारात यावं, समोर बसावं आणि स्वतःच्या तोंडाने म्हणावं, "मला जरा गाढवाच्या फुफ्फुसाबद्दल सांग." बस्स, एवढंच हवं होतं.

तर फोन.

"काय करतेयस?" दादाने विचारलं.

"लीद गाळतेय."

"अजून?" तो हसला. "बरं, ऐक. ते गाढव आहे ना तुझ्याकडे?"

दादाने मुलीसाठी नवी घोडी घेतली होती. घरात तिला राणीसरकार म्हणत. दिसायला देखणी, पण एकटी राहायची नाही. रात्रंदिवस दाराला लाथा, चारा तसाच. दादाला कुणीतरी सांगितलं होतं की अशा घोडीच्या सोबतीला गाढव ठेवावं, ती निवळते. हे खरंच आहे, निवळतात.

"शांत आहे ना गं ते?"

"माझ्यापेक्षा शांत आहे."

"त्यात काय, तुझ्यापेक्षा कुणीही शांत असतं."

मी फोन कानाला धरून न्हाणीघरात उभी होते. समोरच्या नरसाळ्याच्या तळाशी त्याच सकाळच्या अळ्या जमल्या होत्या. मी मनाशी एक अट घातली. दादाने एकच प्रश्न विचारावा, याला औषध दिलं आहेस का. विचारलं तर खरं सांगायचं. घोड्यांच्या कुठल्याही डॉक्टरने विचारावा असाच तो प्रश्न होता.

दादा म्हणाला, "एरवी नवं जनावर आलं की मी आधी बाजूला बांधतो, औषध देतो, मगच कुरणात सोडतो. पण तुझ्या घरचं म्हटल्यावर काय बघायचं? जंतवालीचं गाढव! त्याच्याइतकं स्वच्छ जनावर दुसरं नसेल."

जंतांवर जन्म घालवलेली बाई आपल्या घरात जंत राहू देणार नाही, असं तो धरून चालला. अरे, मीच तर राहू देणार! बाकीच्यांना त्यांचा उपयोग काय? पण हे कळायला माझं काम वाचावं लागलं असतं. दादाने ते बंद केलं होतं, वाचलं नव्हतं.

"केव्हा पाठवू?" मी विचारलं.

गाडी आली तेव्हा प्राचार्य आढेवेढे न घेता वर चढले. मी त्यांच्या मानेवरून हात फिरवला. दादाच्या हातून त्यांना कधीतरी औषध जाईल आणि माझं उरलंसुरलं सगळं संपेल, हे मला दिसत होतं. तेवढी किंमत मी मोजायला तयार होते.

पुढचं सगळं गवताने केलं. लिदीतून अळ्या गवतावर चढतात, घोडे ते गवत खातात, आणि मग काही दिवस कुणालाच काही कळत नाही. राणीसरकार खरोखरच निवळली. प्राचार्यांच्या पाठीवर हनुवटी ठेवून उभी राहते, असं भाचीने मला कौतुकाने सांगितलं.

ही भाची म्हणजे दादाची एकुलती एक. त्या घरात माझ्या कामाची चौकशी करणारं एवढंच माणूस. लहान होती तेव्हा मी तिला माझा जुना सूक्ष्मदर्शक दिला होता. काच कशी धरायची, थेंब कसा सोडायचा, नरसाळं कसं लावायचं, सगळं तिला मी शिकवलं. वहिनी म्हणायच्या, "ताई, पोरींना बाहुल्या देतात, तुम्ही लीद काय देताय?" विभाग बंद झाला तेव्हा ती बापाशी महिनाभर बोलली नव्हती. दर रविवारी ती मला फोन करायची.

अशाच एका रविवारी ती म्हणाली, "आत्या, राणी खोकते गं."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. "कोरडा की ओला?"

"कोरडा. थांब, ऐकवते. आता पळवून आणलंय तिला."

तिने फोन घोडीच्या तोंडाजवळ धरला. आधी नुसतं फुरफुरणं, मग खोल छातीतून आलेला कोरडा, खरखरीत खोकला. एक, आणि मागोमाग दुसरा. मी डोळे मिटून ऐकला. खोटं कशाला बोलू, इतकं बरं मला ट्रक येऊन गेल्यापासून एकदाही वाटलं नव्हतं. बशीत चहा सांडेपर्यंत हसलेल्या त्या सगळ्यांना मी मनातल्या मनात त्या आवाजात खोकायला लावलं.

मग दर रविवारी मी विचारू लागले. कोरडा की ओला? चालताना की पळताना? जरा ऐकव बघू. बिचारी इमानेइतबारे फोन घेऊन तबेल्यात जायची.

तिकडे दादाने जंग जंग पछाडलं. आधी चाऱ्यात धूळ आहे म्हणून चारा बदलला. मग तो भिजवून घालायला लागला. मग ठाणावरचा पेंढा बदलला, खिडक्या मोठ्या केल्या, खोकल्याचं एक औषध झालं, दुसरं झालं. खोकणाऱ्या एकीचे तीन घोडे झाले, मग अख्खं कुरण खोकायला लागलं. जंताची शंका त्यालाही आली होती. पण लिदीतली अंडी मोजल्याशिवाय उगाच औषध द्यायचं नाही, ही त्याची शिस्त होती, आणि त्याबद्दल तो व्याख्यानं देत फिरायचा. ही शिस्त त्याला कुणी शिकवली होती? मीच, त्याच्याच ओसरीवर बसून. त्याने सगळ्या घोड्यांची लीद तपासली आणि त्यात काही सापडलं नाही. सापडणार कसं? घोड्याच्या छातीत हा जंत बहुधा वाढतच नाही. अंडी घालायच्या आधीच अडकून बसतो आणि नुसता खोकवतो. बघायचंच असेल तर गाढवाची लीद बघावी लागते. आणि गाढव तर खोकत नव्हतं.

वहिनींचा फोन आला. आवाज पडलेला. "ताई, त्यांनी तबेल्यातल्या मोतद्दाराला काढून टाकलं हो. याच्या हलगर्जीपणामुळेच धूळ राहते म्हणाले. इतक्या वर्षांचा माणूस, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या."

हे ऐकून मात्र मला टोचलं. फोन ठेवल्यावर मी पुन्हा उचलला, दादाचा नंबर काढला. मग वाटलं, का म्हणून मी करायचा? त्याने अजून विचारलं कुठे आहे? विचारू दे, मग सांगते. मी फोन ठेवून दिला.

भाचीची घोडेस्वारीची निवड चाचणी होती, ज्यासाठी ती वर्षभर घाम गाळत होती. राणीसरकार अर्ध्या फेरीत खोकत उभी राहिली. भाचीने रडतच मला सांगितलं. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी होईल गं, चिमणे." आणि वर विचारलं, "खोकताना मान खाली घालते का?"

त्यानंतर दोन रविवार तिचा फोन आला नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी दारात गाडी थांबली. दादा उतरला. विभाग बंद झाल्यावर पहिल्यांदाच माझ्या दारात आला होता. मागून भाची उतरली, हातात झाकणाची बरणी आणि फडक्यात गुंडाळलेल्या काचा. डोळे लुकलुकत होते तिचे.

दादा स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसला. वाळला होता. मी पाणी पुढे केलं, ते त्याने घेतलं नाही.

"पोरीने शोधून काढलं," तो म्हणाला.

"आत्या, तूच म्हणायचीस ना, सगळे खोकत असतील तर जो खोकत नाही त्याच्याकडे आधी बघावं!" भाचीला धीर निघत नव्हता. "मी प्राचार्यांची लीद घेतली. आईचं तेलाचं नरसाळं घेतलं. तिने नंतर ते फेकूनच दिलं. आणि सकाळी बघते तर आत्या, तळाशी नुसती वळवळ! ही बघ काच."

मी काच उजेडाकडे धरली. बघायची काही गरज नव्हती. ओळखीचीच मंडळी होती.

"चुकलं माझं," दादा म्हणाला. "तुझा विभाग बंद करायला नको होता. मी तेव्हा जे बोललो, तेही बोलायला नको होतं. आता मला जरा नीट सांग, गाढवाच्या फुफ्फुसात हे नेमकं काय चालतं."

झालं. जे ऐकायला मी जीव धरून बसले होते ते तो माझ्या स्वयंपाकघरात बसून बोलला होता, जवळजवळ शब्दन् शब्द. मी ओट्याला टेकून उभी राहिले. आता आत काहीतरी थंड होईल असं मला वाटलं. आणि मग तो पुढे बोलला.

"तू औषध देऊनसुद्धा एवढ्या अळ्या निघतायत, म्हणजे औषध लागू पडेनासं झालंय. हे पसरलं तर सगळीकडच्या तबेल्यांचं काही खरं नाही. उद्याच समितीपुढे विषय काढतो. विभाग पुन्हा सुरू करायचा, गाढवं आणायची, आणि तू सांगशील तसं."

"आम्ही घोड्यांना अजून औषध दिलं नाही," भाची म्हणाली. "चालत नसेल तर देऊन काय उपयोग? बाबा आधी म्हणत होते, आत्याने दिलंच नसेल. मी त्यांना म्हटलं, शक्यच नाही. आत्याच्या हातून अशी चूक होणारच नाही. चूक औषधाची आहे."

मी नुसती मान हलवायची होती. एवढंच. विभाग परत, गोठा परत, संचालक स्वतः उठून खुर्ची देणार. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढा मोठा डाव मी रचला, माझं शेवटचं गाढव पणाला लावलं, इतके रविवार जपून ठेवले, आणि त्याचं नाव औषधाला? माझं करणं दुसऱ्याच्या नावावर जायची मला आयुष्यभर सवय लावली होती या माणसाने. निदान सूड तरी माझ्या नावावर राहायला हवा होता.

"औषध लागू पडतं," मी म्हटलं. "दिलं तर."

"म्हणजे?"

"म्हणजे मी दिलं नव्हतं. कधीच नाही. तू फोन केलास त्या सकाळी त्याच्या अळ्या माझ्या नरसाळ्यात होत्या. तू एक प्रश्न विचारला असतास तर मी सांगणार होते. नाही विचारलास. तुला वाटलं, जंतवालीचं गाढव स्वच्छ असणार. जा, आज औषध दे, सगळे घोडे बरे होतील. पण तुझं कुरण खोकत होतं ना, ते मी खोकवलं. तू म्हणाला होतास, गाढवं कुठे पळून जातायत. एक आलं बघ तुझ्याकडे चालत!"

हे वाक्य मी कितीतरी वेळा भांडी घासताना म्हणून बघितलं होतं. दादाचा चेहरा उतरला. अगदी मला हवा होता तसा. तोंड उघडं, हात गुडघ्यांवर. क्षणभर मी तो चेहरा पोटभर बघून घेतला.

मग दादा खालच्या आवाजात म्हणाला, "मी मोतद्दाराला काढलं गं."

तेवढ्यात मागून आवाज आला.

"आत्या."

ती तिथे आहे हे मी विसरूनच गेले होते. रागात मला समोरचं एकच माणूस दिसतं, दुसरं दिसत नाही. भाची फ्रिजला टेकून उभी होती, बरणी छातीशी धरून.

"तू मला दर रविवारी विचारायचीस. कोरडा की ओला."

"हो."

"फोन तिच्या तोंडाशी धरायला सांगायचीस. मला वाटायचं, तू ऐकून औषध शोधतेयस. मी बाबांना सांगायचे, थांबा, आत्याला काहीतरी सुचेल. मग कशाला ऐकायचीस?"

दादाच्या एकेका प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार होतं. हा प्रश्न कुणी विचारील असं मला कधी वाटलंच नव्हतं. खोटं बोलायला हवं होतं. पण या पोरीशी मी काचेखाली जे दिसतं त्याबद्दल कधी खोटं बोलले नव्हते.

"बरं वाटायचं म्हणून," मी म्हटलं.

ती रडली नाही. तिने फडकं उलगडलं, काचा एकेक करून ओट्यावर मांडल्या, मी शिकवलं होतं तशा, थेंबाची बाजू वर. बरणी त्यांच्या शेजारी ठेवली आणि गाडीत जाऊन बसली. दादा तिच्यामागे गेला.

घोड्यांना त्याच दिवशी औषध दिलं गेलं. मोतद्दाराला दादाने स्वतः जाऊन परत आणलं, आणि त्या मोतद्दारानेच एके सकाळी प्राचार्यांना माझ्याकडे आणून सोडलं. मी त्यांची लीद नरसाळ्यात टांगली. तळाचं पाणी स्वच्छ निघालं. पुन्हा लावून बघितलं, तरी स्वच्छ. त्यांच्याबरोबर भाचीचा सूक्ष्मदर्शकही परत आला होता, खोक्यात नीट बांधून. विभागाचं नाव मात्र पुन्हा कुणी काढलं नाही.

दादाचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा गाढव पाठवीन.

पुढे एका रविवारी फोन वाजला. भाचीचा नंबर. मी धावत जाऊन घेतला, "चिमणे" म्हटलं. उत्तर नाही. मग ऐकू आला एक श्वास, लांब, मोठा, नाकपुड्यांतून सुटणारा. पाठीमागे खुरांची टपटप. घोडी पळून आलेली होती. मी खोकल्याची वाट बघितली. तो आला नाही. श्वास हळूहळू शांत होत गेला, आणि फोन बंद झाला.

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही. पोरगी एक शब्द बोलत नाही. राणीसरकारचा स्वच्छ श्वास मला ऐकवते आणि फोन ठेवते. हे तिला मी शिकवलं नव्हतं. आमच्या घरात ते शिकवावं लागत नसावं. आता फोन उचलायचा नाही, असं मी दर शनिवारी ठरवते, आणि रविवारी सकाळपासून त्याच्या शेजारी बसून असते.